ओळखीची गर्दी

मुलींच्या कबड्डीचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतं. पुरुषांचं १३ बाय १०. या लहान आकाराचा एक परिणाम नियमांच्या पुस्तकात सापडत नाही. बघणारा माणूस खेळणारीच्या फार जवळ येतो. तालुक्याच्या कॉलेजात गॅलरी नसते. चुन्याच्या रेषेबाहेर थोडी मोकळी जागा, मग एक दोरी, आणि दोरीला पोट लावून उभी असलेली माणसं. तिथून कॉर्नरची मुलगी सात-आठ पावलांवर. क्रिकेटच्या स्टेडियममध्ये हजारोंचा मिळून एक आवाज होतो, त्यात कुणाचं काय ते राहत नाही. इथे प्रत्येक आवाज सुटा येतो. “घाई नको, टाइम आहे” असं कुणी म्हटलं, तर ते कोण म्हणालं हे चढाईला निघालेल्या मुलीला मान न वळवता कळतं. किंवा कळत नाही, आणि मग पाठीमागे नुसताच एक अनोळखी पुरुषी आवाज उरतो.

या कळण्या-न कळण्यावर बरंच काही अवलंबून आहे. मुलींच्या सामन्याला गर्दी किती होती, हे आपण लगेच विचारतो. गर्दी कुणाची होती, हे सहसा विचारत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या कॉलेजांचे मुलींचे संघ बाद फेऱ्यांमधून पुढे सरकतात, तेव्हा त्यांच्या मागे कोण जातं आणि कुठवर जातं हे बघू लागलं की हा दुसरा प्रश्न जास्त कामाचा वाटायला लागतो.

सुरुवात पहिल्या फेरीपासून करू. जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालयं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी जोडलेली आहेत. विद्यापीठाचा क्रीडा हंगाम पावसाळा ओसरताना सुरू होतो. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी, सेलू, खुद्द वर्धा, कुठलं तरी एक कॉलेज यजमान होतं आणि बाकीचे संघ एसटीने किंवा भाड्याच्या गाडीने येतात. यजमान कॉलेजचा सामना असला की वर्ग आपोआप सुटतात. मागच्या बाकावरची मुलं, एनएसएसवाल्या मुली, कँटीनचा पोऱ्या, दोन-तीन प्राध्यापक, आणि हटकून एक जुनी खेळाडू, जी आता लग्न होऊन त्याच गावात आहे आणि कडेवर मूल घेऊन येते. ही बाई सगळ्यात जास्त ओरडते. तिला पकड कधी फसणार हे फसायच्या आधी दिसतं.

आईबाप मात्र या फेरीत फारसे नसतात, आणि त्याचं कारण लाज किंवा विरोध असेलच असं नाही. आधी सोयाबीनची कापणी, मग कापसाचा पहिला वेचा. खेळाचा हंगाम आणि शेताचा हंगाम आपल्याकडे एकमेकांच्या उरावर बसलेले आहेत. वेचणीला मजूर मिळत नाहीत, म्हणून सुट्टीच्या दिवशी ती कॉर्नरची मुलगी स्वतःच ओटी बांधून शेतात असते. सामन्याच्या दिवशी ती रोजंदारीचे दोन हात कमी करून आलेली असते, हे दोरीपलीकडच्यांपैकी निम्म्यांना माहीत असतं. ओळखीची गर्दी म्हणतो ती अशी. तिला मुलीचा गुण-फलक माहीत असतो तसं घरही माहीत असतं.

आता दुसऱ्या प्रकारची गर्दी. थंडीत विदर्भातल्या गावांत प्रकाशझोतात कबड्डीचे सामने भरतात. देणाऱ्यांच्या आडनावांसकट बक्षिसं जाहीर होतात, मंडप पडतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून माणसं येतात आणि पहाटेपर्यंत हलत नाहीत. त्यात अलीकडे महिला गटही असतो. इथली गर्दी मोठी आणि कबड्डीची जाणकार. चांगल्या चढाईला, मग ती कुणाचीही असो, दाद देणारी. पण ही माणसं कुणाच्याच मागे आलेली नसतात. ती खेळ बघायला आलेली असतात, आणि त्यातली काही खेळ सोडून दुसरंच बघायला आलेली असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. शॉर्ट्स आणि जर्सी घातलेली एकोणीस वर्षांची मुलगी समोर आली की कुजबुज कशाबद्दल होते हे तिथे उभ्या राहिलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. तीच मुलगी, तीच चढाई, तेच आठ मीटर. फक्त बघणारे बदलले.

बाईने शरीर कमवावं ही कल्पना वर्ध्याला नवी नाही. १९३६ च्या दसऱ्याला लक्ष्मीबाई केळकरांनी याच गावात राष्ट्र सेविका समिती सुरू केली, आणि शारीरिक शिक्षण हा तिच्या कामाचा मोठा भाग होता. त्याच गावात जमनालाल बजाजांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या महिलाश्रमात मुली घर सोडून राहत आणि शिकत. त्याच वर्षी गांधीजी शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले. आणि त्याच वर्षी शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. विचारांनी ही सगळी मंडळी एका पंगतीत बसणारी नव्हती. पण मुलीने अंग मोडून काम करावं, ताठ चालावं, प्रसंग पडला तर दोन हात करावेत, याबद्दल फार वाद नसावा. आरोग्यासाठी व्यायाम, संरक्षणासाठी लाठी, इथपर्यंत परवानगी मिळत गेली. चारचौघांनी बघावं म्हणून, जिंकण्यासाठी, नुसत्या मजेसाठी खेळायचं, याला परवानगी यायला आणखी कितीतरी वर्षं लागली. महिला क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ साली पुण्यात झाली, ती अवघ्या तीन संघांची: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश.

बघणाऱ्याचं वजन किती असतं हे ज्यांना खेळ नको होता त्यांना आधी कळलं. इंग्लंडात पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यातल्या बायकांचे फुटबॉल संघ निघाले. त्यातल्या प्रेस्टन गावच्या ‘डिक, कर लेडीज’ संघाचा सामना २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर झाला, तेव्हा आत ५३ हजार माणसं होती. वर्ष पुरं व्हायच्या आत, डिसेंबर १९२१ मध्ये, तिथल्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांना सांगितलं की बायकांच्या सामन्यांना मैदान द्यायचं नाही. बायकांच्या खेळण्यावरच थेट बंदी घातली नाही. खेळा खुशाल, उद्यानात खेळा. फक्त जिथे माणसं बसून बघू शकतात ती जागा बंद. हा निर्णय पन्नासएक वर्षं टिकला.

आपल्याकडे असा फतवा कुणी काढला नाही. आपल्या रचनेत तो न काढताच अमलात येतो, आणि तोही जिंकणाऱ्यांवर. ते कसं, हे जरा नीट बघायला हवं.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकलेलं कॉलेज ढाल घेऊन परत येतं आणि त्याचा प्रवास तिथे संपतो. पुढे जातो तो विद्यापीठाचा संघ. त्यासाठी निवड चाचणी होते. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांतल्या मुली त्यात येतात, शिबिर लागतं, बारा जणींची यादी लागते. वर्ध्याच्या विजेत्या संघातल्या दोघी किंवा तिघी त्यात असतात. बाकीच्या घरी. म्हणजे ज्या संघासाठी कॉलेज घसा बसेपर्यंत ओरडलं तो संघ जिंकल्यामुळेच मोडला. कुणाच्या मागे जायचं म्हटलं तर आता संघ नाही, एक मुलगी आहे, आणि तिच्या अंगावरच्या जर्सीवर आपल्या कॉलेजचं नाव नाही.

मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. ती राजस्थानात, गुजरातेत, मध्य प्रदेशात, कुठेही असू शकते. तारखा बऱ्याचदा उशिरा कळतात, स्लीपरचं आरक्षण मिळालं तर मिळालं. वर्धा जंक्शनवरून गाड्यांना तोटा नाही, चारी दिशांना जातात. तोटा आहे तो जाणाऱ्यांना. संघासोबत प्रशिक्षक जातात, मुलींचा संघ म्हणून एक महिला व्यवस्थापक जातात, आणि झालं. दैनिक भत्त्यात तेवढीच माणसं बसतात. त्या स्पर्धेची घडण अशी की आधी बाद फेऱ्या होतात, आणि शेवटच्या चारांत आलेले संघ आपसांत साखळी खेळतात. हेच चौघे अखिल भारतीय स्पर्धेला पात्र ठरतात. त्यामुळे खरा जीवघेणा सामना उपांत्यपूर्व फेरीचा. त्यानंतरची साखळी मानाची. हा मात्र असण्या-नसण्याचा. आणि नेमका हा सामना कुठल्या तरी परक्या विद्यापीठाच्या इनडोअर हॉलमध्ये, सकाळी साडेआठला, रांगेने लावलेल्या तीन मॅटपैकी मधल्या मॅटवर, यजमान विद्यापीठाच्या चार-पाच स्वयंसेवकांसमोर होतो. मातीवर, चुन्याच्या रेषेत, नावाने ओळखणाऱ्या दोनशे माणसांसमोर खेळून तयार झालेली मुलगी तिथे येते आणि तिला पहिल्यांदा जाणवतं ते हॉलचं गप्प असणं. पुढे जाणं म्हणजे आपल्या माणसांपासून लांब जाणं, अशीच ही शिडी बांधलेली आहे.

ही शिडी वेगळीही बांधता येते. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या मुलींची आइस हॉकी मी मुद्दाम उदाहरण म्हणून घेतो, कारण तो खेळ आपल्यापासून जितका लांब असावा तितका लांब आहे. बर्फाचं मैदान, अंगावर चिलखतासारखे पॅड. तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत हंगामभर चांगलं खेळलेल्या संघाला बक्षीस काय मिळतं, तर बाद फेरीचा सामना स्वतःच्या मैदानावर खेळायला मिळतो. उपांत्यपूर्व फेरी वरच्या मानांकनाच्या संघाच्या कॅम्पसवर होते. शेवटचे चार संघ तेवढे ठरलेल्या ठिकाणी जमतात. त्यामुळे हरलात तर बाद, अशा सामन्याला तिथे वर्गमैत्रिणी असतात, बँड असतो, आणि वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत बसणारं गावातलं एखादं म्हातारं जोडपं असतं. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मुलींचं मैदान अडीच हजारांच्या आतलंच आहे. पण १४ जानेवारी २०१७ ला त्यांचा एक सामना शेजारच्या मोठ्या सभागृहात ठेवला, तर १५,३५९ माणसं आली. नेब्रास्का विद्यापीठाने त्याहून पुढची मजल मारली: ३० ऑगस्ट २०२३ ला मुलींचा व्हॉलीबॉल सामना फुटबॉलच्या स्टेडियममध्ये घेतला आणि ९२,००३ प्रेक्षक मोजले. त्या राज्यात मोठमोठे व्यावसायिक संघ नाहीत. विद्यापीठाचा संघ हाच गावाचा संघ, आणि ती गर्दी आधी पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची होत आलेली.

पैसा तिकडे आहे, हे खरं. पण बाद फेरीचा सामना जिंकणाऱ्याच्या अंगणात ठेवायचा की दोन रात्रींच्या प्रवासावर, हे ठरवायला पैशाआधी इच्छा लागते.

आपल्या देशातल्या आइस हॉकीचीही गोष्ट याच वळणाची आहे. भारताच्या महिला संघात बहुतांश मुली लडाखच्या. गोठलेल्या तलावांवर शिकलेल्या. त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना २०१६ मध्ये तैपेईला, पहिला विजय २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सविरुद्ध ४-३, आणि आशिया चषकातलं कांस्यपदक २०२५ मध्ये अमिरातीतल्या अल ऐनला. ज्या गावांनी त्यांना थंडीत कुडकुडत खेळताना बघितलं, त्या गावांना यातलं काहीच डोळ्यांसमोर बघायला मिळालं नाही.

याच्या उलट टोकाचा प्रयोग कबड्डीत होऊन गेला. २०१६ मध्ये प्रो कबड्डी लीगच्या जोडीला महिलांची एक छोटी स्पर्धा भरवली गेली. तीन संघ: फायर बर्ड्स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स. कॅमेरे होते, रोषणाई होती, देशभरच्या उत्तम खेळाडू होत्या, आणि अंतिम सामना स्टॉर्म क्वीन्सने अगदी शेवटच्या क्षणांत एका गुणाने जिंकला. खेळ म्हणून काही कमी नव्हतं. पण आग, बर्फ आणि वादळ यांच्यातलं आपलं कोण? पुरुषांच्या संघांना पुणे होतं, पाटणा होतं, जयपूर होतं. मुलींच्या संघांना गावच दिलेलं नव्हतं. टीव्हीसमोर बसलेल्या देवळीच्या माणसाने स्टॉर्म क्वीन्सचा पाठीराखा व्हायचं ठरवलं तरी कशाच्या आधारावर होणार? पुढच्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही. का झाली नाही याचा हिशोब आयोजकांकडे असेल. मला एवढंच दिसतं की लाखोंनी बघितलेल्या त्या मुलींच्या मागे जायला कुणालाही वाट ठेवलेली नव्हती.

मागे जाणं हे शेवटी कुठल्या तरी नात्याने होतं, आणि हे नातं झेंड्याचं ऐकतंच असं नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतीय महिला कबड्डी संघ अंतिम सामन्यात इराणकडून २४-२७ असा हरला. भारताचं सुवर्ण पहिल्यांदा गेलं. इराणच्या त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्या संध्याकाळी नाशिकच्या कबड्डीवाल्यांच्या मनात काय चाललं असेल याचा विचार मी अजून करतो. तोंडाने हळहळ, आणि आत कुठे तरी, बाई आपल्या आहेत बरं का.

तर वर्ध्याकडे परत. विद्यापीठाच्या जर्सीतली ती मुलगी हजार किलोमीटरवर आहे. तिच्या मागे आता कोण उरलं? फोन उरला. कुणी तरी मॅटच्या कडेला उभं राहून मोबाइलवर थेट दाखवतं, चित्र हलतं, मध्येच पंचांची पाठ येते, गुण-फलक दिसतच नाही. वडील शेताच्या बांधावर नेटवर्क शोधत ते बघतात. हंगामभर जे मैदानावर येऊ शकले नाहीत ते इथे, या खराब चित्रात, पहिल्यांदा पोरीचा अख्खा सामना बघतात. त्यांना बोनस आणि लोण यातला फरक कळत नसतो. पोरगी परत आपल्या अर्ध्यात आली की नाही, एवढंच ते बघतात. घरात या खेळाचं मोल बहुधा वेगळ्या कारणाने पटलेलं असतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पोलीस भरती आहे, आणि प्रमाणपत्राला किंमत आहे. मला यात काही हलकं वाटत नाही. प्रमाणपत्रासाठी पाठवलेल्या मुलीचा सामना बापाने कामधंदा सोडून बघितला, तर त्या वेळी तो प्रमाणपत्र बघत नसतो.

पण सगळ्यात खोलात जाऊन बघणाऱ्या असतात त्या निवड न झालेल्या मुली. कालपर्यंत तिच्या शेजारी साखळी धरून उभ्या असलेल्या. कॉलेजच्या मैदानावर संध्याकाळचा सराव संपला की एका मोबाइलभोवती पाच-सहा डोकी. त्यांना दिसतं ते इतर कुणाला दिसत नाही. ती डावीकडून आत जाते तेव्हा उजवा पाय मागे राहतो, हे यांना वर्षभर माहीत आहे. समोरच्या संघाच्या कॉर्नरला ते कधी कळणार याची धास्ती त्या बसल्या बसल्या घेतात. “पाय काढ, पाय काढ वो!” असं मोबाइलला ओरडून सांगतात. आणि त्याच वेळी प्रत्येकीच्या मनात हेही असतं की तिथे आपणही असायला हवं होतं. निवड समितीला दोन शब्द ऐकवून मग पुन्हा बघणं सुरू होतं. जिव्हाळा आणि जळफळाट एकाच बाकावर बसवायची ही ताकद बाहेरच्या प्रेक्षकात येणं कठीण.

एक गंमत अजून राहिली. विद्यापीठाच्या त्या बारा जणींत वर्ध्याच्या मुलीच्या शेजारी उभी असते ती हिंगणघाटची, किंवा गोंदियाची. काही आठवड्यांपूर्वी आंतरमहाविद्यालयीनमध्ये हिने तिची पकड केली होती आणि अख्ख्या कॉलेजने तिला हुर्यो केलं होतं. तिच्या नावावरून कोट्या झाल्या होत्या. आता तीच हिच्या बाजूची कव्हर आहे आणि हिची चढाई फसली तर पुढचा गुण तिच्याच हातात. मुली शिबिरातल्या पहिल्या दोन दिवसांत हे जमवून घेतात. एकाच खोलीत सतरंज्या टाकल्यावर वैर फार टिकत नाही. मागे राहिलेल्यांना जास्त वेळ लागतो. मोबाइलवर बघताना हिंगणघाटच्या मुलीने अव्वल पकड केली की क्षणभर सगळ्या एकमेकींकडे बघतात, टाळी वाजवायची की नाही. मग कुणी तरी वाजवते.

पुढच्या हंगामात दोन्ही कॉलेजं पुन्हा समोरासमोर येतात. दोरीला पोट लावून तीच माणसं उभी असतात, कडेवरचं मूल आता खाली उतरून पळत असतं. हिंगणघाटची मुलगी चढाईला येते आणि तिला हुर्यो करायला उठलेल्या पोरांना मागच्या वर्षीच्या कॉर्नरवाल्या मुली दटावतात, “ए, नाव घेऊन नाही!” हुर्यो होतेच, पण नाव वगळून. मग त्याच मुली साखळी धरतात आणि तिला मध्यरेषेच्या वीतभर अलीकडे खाली पाडतात.